तेहतीस माणसांमागे एक

माझ्याकडे ८४० माणसं आहेत आणि ती मला अठरा सेंटिमीटरांत उभी करायची आहेत.

माणसं फ्रेंच आहेत. १८ फेब्रुवारी १८०८ च्या फर्मानाने नेपोलियनने आपल्या पायदळाची नवी घडी बसवली. एका बटालियनमध्ये सहा कंपन्या, दर कंपनीत १४० माणसं. चार कंपन्या साध्या फ्युझिलिअरांच्या, एक निवडक ग्रेनेडिअरांची, एक चपळ व्होल्टिजरांची. सहा गुणिले एकशेचाळीस, आठशे चाळीस. अठरा सेंटिमीटर मात्र माझे. जेवणाच्या टेबलावर मी सहा फूट बाय चार फूट प्लायवुड टाकतो, त्यावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून टेकड्या. रविवारी दुपारी जेवणं उरकली की तिथे युरोप पसरतो.

या छंदाला सगळे ‘वॉरगेमिंग’च म्हणतात. शिशाचे किंवा प्लास्टिकचे बोटाच्या पेराएवढे शिपाई आणायचे, रंगवायचे, पट्ट्यांवर चिकटवायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. बुद्धिबळासारखी घरं नसतात. फौज किती सरकली ते मोजपट्टीने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशांना विचारायचं, आणि वाद झाला की नियमांचं पुस्तक उघडायचं. प्राचीन रोमपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळं खेळलं जातं, पण नेपोलियनच्या काळाचं वेड काही निराळंच. इतके रंग, इतके तुरे, इतकी निशाणं त्याआधी नव्हती आणि नंतर राहिली नाहीत.

फौज जमवायला बसलं की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, पैशाचाही नसतो. तो असतो मापाचा. एक शिपाई किती माणसांच्या वतीने उभा राहणार?

अठरा सेंटिमीटरांचा हिशोब

मापं चार. शिपायाची उंची हे पहिलं. माणसांचं प्रमाण दुसरं, म्हणजे किती खऱ्या माणसांमागे एक शिपाई. जमिनीचं प्रमाण तिसरं, वेळेचं चौथं. चारही एकाच वेळी खरी ठेवता येत नाहीत. एक नीट केलं की दुसरं बिघडतं. आखूड पांघरुणाची गत.

माझी बटालियन घ्या. इंग्लंडमध्ये ब्रूस क्वारी यांनी १९७० च्या दशकात रुळवलेलं प्रमाण तेहतीसास एक असं होतं. ८४० ला ३३ ने भागलं की साडेपंचवीस येतात. मी चोवीस धरतो, कारण सहा कंपन्यांना प्रत्येकी चार शिपाई नीट वाटले जातात. हे चोवीस शिपाई बारा-बाराच्या दोन रांगांत उभे केले आणि प्रत्येकाला दीड सेंटिमीटर रुंदी दिली, की रांग अठरा सेंटिमीटरांची होते.

आता खरी बटालियन पाहू. फ्रेंच पायदळ तीन रांगांत उभं राही. ८४० भागिले तीन म्हणजे २८० माणसं शेजारी शेजारी. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण पासष्ट सेंटिमीटर धरले, तर बटालियनची रुंदी १८२ मीटर. टेबलावर अठरा सेंटिमीटर, मैदानात १८२ मीटर. म्हणजे एका मिलिमीटरला एक मीटर, हजारास एक. पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला एकटाच टाळी वाजवली होती.

टाळी लवकर वाजली होती. रुंदी जमली, पण खोली? तीन रांगांची खरी बटालियन समोरून मागे मोजली तर जेमतेम तीन मीटर. माझ्या दोन रांगा चार सेंटिमीटर, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने चाळीस मीटर. उंचीचं तर बोलायलाच नको. शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे हजारास एक या मापाने अठ्ठावीस मीटर उंच, नऊ मजली इमारतीएवढा. त्याच्या शेजारी पन्नास मीटर लांबीचा वाडा ठेवायचा तर जमिनीच्या मापाने तो पाच सेंटिमीटरचा होतो आणि शिपायाच्या मापाने नव्वद. पहिला शिपायाच्या गुडघ्याला लागतो, दुसरा टेबल गिळतो. म्हणून सगळे मधलाच काहीतरी वाडा ठेवतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला हे नवीन नाही. कुंभाराकडून आणलेला मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नसे, वाघ बुरुजाहून मोठा असे, आणि महाराजांनी सिंहासनावरून पाय खाली सोडला असता तर तो अळिवाच्या शेतात गेला असता. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. कोण महत्त्वाचं ते उंचीवरून कळत होतं.

मोठ्यांच्या खेळात मात्र अशा तडजोडीचे परिणाम होतात. ब्रिटिश पायदळ दोनच रांगांत उभं राही. सहाशेची बटालियन घेतली तर तीनशे माणसं शेजारी शेजारी. ब्रिटिश कवायतीत माणसाला बावीस इंच जागा, म्हणजे रांग सुमारे १६८ मीटर. सहाशे ब्रिटिश जवळजवळ आठशे चाळीस फ्रेंचांएवढी जागा व्यापतात आणि त्यांची प्रत्येक बंदूक समोर रोखलेली असते. फ्रेंचांच्या तिसऱ्या रांगेला नेमकं तेच जमत नसे. हीच ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या पायदळाची ताकद. पण टेबलावर तेहतीसास एक धरून सहाशेचे अठरा शिपाई केले आणि दोन रांगांत उभे केले, की रांग होते साडेतेरा सेंटिमीटरांची. तेहतीस मीटर कुठे गेले? भागाकारात. एकही गोळी सुटायच्या आत ब्रिटिशांचा फायदा कापून निघाला. जाणते खेळाडू म्हणून ब्रिटिश शिपायांच्या पट्ट्या मुद्दाम रुंद कापतात.

वेळेचं गणित आणखी लबाड. ब्रिटिश पायदळाची साधी चाल मिनिटाला पंचाहत्तर पावलं, पाऊल तीस इंचांचं. मिनिटाला सत्तावन्न मीटर. खेळातली एक खेळी पंधरा मिनिटांची धरली, तर फौज साडेआठशे मीटर जाऊ शकते, म्हणजे टेबलावर पंच्याऐंशी सेंटिमीटर. चार फुटांचं टेबल दीड खेळीत संपलं! नियम लिहिणारे मात्र पंधरा ते तीस सेंटिमीटरच देतात. उरलेला वेळ कुठे जातो? हुकूम येण्याची वाट पाहण्यात, रांग सरळ करण्यात, चिखलात रुतलेली तोफ काढण्यात, धुरात समोर काय चाललंय ते कळेपर्यंत उभं राहण्यात. लढाईतला बराचसा वेळ लढाईचा नसतो, हे मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा मोजपट्टीने आधी शिकवलं.

सायबर्नचे शिपाई

या हिशोबाच्या पायी एक माणूस धुळीला मिळाला. त्याचं काम लंडनला चेल्सीमधल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये काचेखाली आहे. मी ते पाहायला गेलो तेव्हा आधी नुसतं शेत दिसलं, तपकिरी-हिरवं. मग डोळे स्थिरावले, आणि शेतात गवत वाटत होतं ते गवत नाही हे कळलं. त्या संगिनी होत्या.

नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या लढाईत विल्यम सायबर्न नव्हता. १८ जून १८१५ रोजी लढाई झाली आणि हा तरुण अधिकारी त्यानंतर फ्रान्समधल्या फौजेत दाखल झाला. १८३० मध्ये लॉर्ड हिल सरसेनापती असताना त्याच्यावर रणभूमीची प्रतिकृती करण्याचं काम आलं. सायबर्न रणभूमीवरच्या ‘ला हे सेंट’ शेतवाडीत आठ महिने राहिला आणि त्याने चढ-उतार, बांध, वाटा मोजून काढल्या. मग हयात असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कसा होता, शेतात पीक कोणतं होतं? शेकडो उत्तरं आली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या पत्रांच्या दारात जावं लागतं. एका खेळण्यासाठी विचारलेले प्रश्न इतिहासाचं साधन होऊन बसले.

सायबर्नने जमिनीचं माप धरलं एका मैलाला नऊ फूट, म्हणजे सुमारे ५८७ ला एक. या मापाने माणूस होतो तीन मिलिमीटरचा, तिळाएवढा. तिळाला लाल कोट कसा घालणार? म्हणून त्याने शिपाई दहा मिलिमीटरचे केले, जमिनीच्या मापाहून तिपटीने मोठे. माणसांचं प्रमाण धरलं दोनास एक. जो माणूस बांधावरचं झुडूपही चुकू देत नव्हता, त्यालाही उंचीत लबाडी करावी लागली. मला या गोष्टीचा फार दिलासा वाटतो.

त्याचा घात मात्र उंचीने केला नाही, संख्येने केला. १८३३ मध्ये सरकारी पैसा बंद झाला. सायबर्नने कर्ज काढून काम पुरं केलं. प्रतिकृतीत संध्याकाळी सातचा क्षण होता, नेपोलियनच्या इंपीरियल गार्डचा शेवटचा हल्ला. त्या क्षणी वेलिंग्टनच्या मदतीला आलेले ब्ल्यूशरचे प्रशियन मैदानाच्या पूर्व अंगाला किती पुढे आले होते? सायबर्नच्या अभ्यासाप्रमाणे बरेच. वेलिंग्टनच्या अहवालातून उमटणाऱ्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त. विजय नेमका कुणाचा, हा प्रश्न आता प्रतिकृतीच्या शेतात उभा राहिला होता. १८३८ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शन भरलं, लोकांनी गर्दी केली, कर्ज मात्र फिटलं नाही. आणि वरून दाब येत गेल्यावर पुढे सायबर्नने प्रशियनांचे हजारो शिपाई काढून घेतले. पीटर हॉफश्रोअर यांनी २००४ मध्ये या प्रकरणावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. वेलिंग्टनचा हेतू काय होता यावर इतिहासकार अजून भांडतात. १८४९ मध्ये सायबर्न वारला. चेल्सीच्या काचेखाली आज सत्तर हजारांहून अधिक शिपाई आहेत.

सत्तर हजारांत हजारो नाहीत हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिथे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा उमगलं, की प्रमाण ठरवणं म्हणजे कुणाला टेबलावर घ्यायचं आणि कुणाला डब्यात ठेवायचं, हे ठरवणं. भागाकार त्यानंतर येतो.

माणसं नसलेली फौज

गंमत म्हणजे त्याच प्रशियात हा प्रश्न आधीच वेगळ्या रीतीने सुटला होता. १८१२ मध्ये फॉन राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला एक टेबल भेट दिलं. खणांत प्लास्टरच्या चौकोनी फरश्या. त्या जुळवल्या की डोंगर, नदी, गाव तयार. वर फौजांच्या जागी चिनी मातीचे ठोकळे. राजवाड्यातला हा खेळ या अधिकाऱ्याच्या मुलाने, जॉर्ज फॉन राइसवित्झने, टेबलावरून नकाशावर आणला आणि १८२४ मध्ये नियम छापले. नकाशा आठ हजारास एक, खेळी दोन मिनिटांची, मध्ये एक पंच. त्या मापाने माझी १८२ मीटरची बटालियन जेमतेम पेराएवढा, तेवीस मिलिमीटरचा ठोकळा होते. रुंदी खरी, चाल खरी, वेळ खरा. माणूस मात्र नाहीच. ना तुरा, ना चेहरा.

प्रात्यक्षिक पाहायला आले होते प्रशियन जनरल स्टाफचे प्रमुख कार्ल फॉन म्युफ्लिंग. आधी नाराजीने बसले, खेळ पुढे सरकला तसे खुर्चीत पुढे सरकले, आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे अशा अर्थाची शिफारस त्यांनी सैन्याला केली. हे म्युफ्लिंग वॉटर्लूच्या दिवशी वेलिंग्टनच्या मुख्यालयात प्रशियनांचे प्रतिनिधी होते. प्रशियन किती वाजता कुठे पोचले हे ज्याने घड्याळ हातात धरून पाहिलं, त्यालाच ठोकळ्यांची भाषा पटावी, हे मला योगायोगापेक्षा थोडं जास्त वाटतं.

राइसवित्झ धाकटा १८२७ मध्ये आत्महत्या करून गेला. सायबर्न कर्जात गेला. मापाच्या मागे लागलेल्यांना हा धंदा फारसा लाभलेला दिसत नाही.

खोलीभर युद्ध

साध्या माणसांपर्यंत हा खेळ आणला एच. जी. वेल्स यांनी. होय, तेच, काळयंत्रवाले. १९१३ मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. वेल्सनी मापाची भानगडच ठेवली नाही. चोपन्न मिलिमीटरचे पोकळ शिशाचे शिपाई, एक शिपाई म्हणजे एकच माणूस, आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा सोडून समोरचे पाडायचे. रणभूमी म्हणजे खोलीची फरशी. जमिनीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. गुडघे टेकून नेम साधणं हाच आनंद.

राइसवित्झने माणूस सोडला, वेल्सनी जमीन सोडली. आजचा छंद या दोघांच्या मधल्या वाटेवर उभा आहे, आणि ती वाट रुंद केली डोनाल्ड फेदरस्टोन यांनी. हे गृहस्थ साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबचे फिजिओथेरपिस्ट होते. खेळाडूंचे गुडघे बघून झाले की घरी येऊन फौजा लढवायचे. १९६२ चं त्यांचं ‘वॉर गेम्स’ वाचून एक पिढी या नादाला लागली. त्याच सुमारास एअरफिक्सने मऊ प्लास्टिकचे शिपाई खोक्यातून विकायला काढले. शाळकरी मुलाच्या खिशाला परवडणारी पहिली फौज. रंग मात्र धरत नसे; संगीन जरा वाकली की रंगाची पापुद्री खाली. मग पीटर गिल्डर आले. त्यांनी हिंचलिफ कंपनीसाठी पंचवीस मिलिमीटरचे धातूचे शिपाई घडवले आणि यॉर्कशरमध्ये वॉरगेमसाठी सुट्टीचं केंद्रच काढलं. प्रमाण वीसास एक, बटालियनमध्ये छत्तिसाच्या आसपास शिपाई, टेबल हॉलच्या लांबीचं. अशा फौजा डोळ्यांत भरतात. पण हॉल नसलेल्याने त्या पाहायच्या असतात, जमवायच्या नसतात.

पंचवीसचे शिपाई पुढे अठ्ठावीसचे झाले. कंपन्या एकमेकांपेक्षा थोडे ठसठशीत शिपाई घडवत गेल्या, आणि मापाला हळूहळू बाळसं चढलं. आज मायकल आणि अ‍ॅलन पेरी या जुळ्या भावांचे शिपाई घराघरांत आहेत. फ्रान्समधल्या एका युद्ध-पुनर्प्रयोगात तोफ अवेळी उडाली आणि मायकल यांचा उजवा हात गेला. त्यानंतर ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले. पुढची जवळजवळ सगळी कारागिरी डाव्या हाताची. त्यांचा ग्रेनेडिअर उन्हात धरून त्याच्या मिशा पाहताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

एक तप

आता खर्चाचा हिशोब, पैशाचा नव्हे, आयुष्याचा. वॉटर्लूला फ्रेंच सुमारे ७२ हजार, वेलिंग्टनचे ६८ हजार, संध्याकाळपर्यंत प्रशियन ५० हजार. एकूण एक लाख नव्वद हजार. तेहतीसास एक म्हणजे ५,७५७ शिपाई. माझा हात एका शिपायाला पाऊण तास घेतो. ४,३१८ तास. रोज एक तास, सणवार न पाळता, तर पावणेबारा वर्षांहून थोडं जास्त. म्हणजे एक तप. आपल्याकडे बारा वर्षांच्या कष्टाला ज्या शब्दाने मान दिला, तो इथे हुबेहूब लागू पडतो. २०१९ च्या जूनमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पुढाकाराने वॉटर्लू पुन्हा लढवलं गेलं तेव्हा वीस हजारांहून अधिक अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई मांडले होते. ते एकट्याचं काम नव्हतंच, अनेकांनी आपापल्या तपांची भर घातली होती.

एकट्याने करायचं तर पाय अंथरुणात ठेवावे लागतात. लढाई नको, तिचा एक कोपरा घ्यावा. कोअर नको, ब्रिगेड घ्यावी: चार-पाच बटालियन, एक तोफखाना, थोडे घोडेस्वार. कागदावरचे आकडे तपासावेत. फर्मानात ८४० असले तरी मोहिमेत चालून, आजारी पडून, मरून बटालियन पाचशेच्या आसपास उरलेली असे. म्हणजे चोवीसऐवजी सोळा शिपाई खरे. प्रत्येक बटालियनच्या हाती सोनेरी गरुड देऊ नये. १८०८ पासून गरुड अख्ख्या रेजिमेंटला एकच, तोही पहिल्या बटालियनकडे. मी पहिल्या उत्साहात पाच बटालियनांना पाच गरुड दिले होते. चार परत उपटले. आणि दोन कारखान्यांचे शिपाई एका रांगेत घेऊ नयेत. माझ्या पहिल्या खरेदीत पंचवीस आणि अठ्ठावीस एकत्र आले. परेडला थोरल्या भावांबरोबर धाकटे आल्यासारखे दिसत होते. धाकट्यांना मी शेवटी वेगळी ब्रिगेड दिली.

रंगवण्याची कृती दिवाळीच्या फराळासारखी आहे: एकेक करंजी नव्हे, घाणा काढायचा. बारा शिपाई आइस्क्रीमच्या काड्यांवर फेविक्विकने चिकटवायचे. साच्याची रेघ कानशीने घासायची, साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग बाल्कनीत अस्तराचा फवारा. पावसाळ्यात हा फवारा हवेतच वाळून शिपायावर रव्यासारखा बसतो. एका जुलैमध्ये माझी अख्खी कंपनी रवा लाडू झाली. मग बाराही जणांचा निळा कोट, बाराही जणांची पांढरी विजार, मग छातीवरचे पांढरे पट्टे. पट्टा दीड मिलिमीटर रुंद; श्वास रोखून ओढला तर सरळ येतो, आणि त्याच क्षणी दारावर घंटा वाजते. चेहऱ्याला नाक, गाल आणि हनुवटी असे तीन ठिपके पुरतात. डोळे काढू नयेत, सगळे घाबरलेले दिसतात. शेवटी पातळ तपकिरी रंग वरून सोडायचा. तो सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि इतका वेळ प्लास्टिक असलेला माणूस एकदम दमलेला दिसू लागतो. त्या क्षणासाठीच हे सगळं.

आळशांसाठी इतिहासाने एक सवलत ठेवली आहे. वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला. बरेचसे शिपाई जाड ओव्हरकोटांत आणि टोप्यांवर मेणकापडाच्या खोळी घालून लढायला उभे राहिले. ओव्हरकोटातला शिपाई घेतला की तुरे गेले, गोंडे गेले, कोटाच्या रंगीत बाह्या गेल्या. अकरा रंगांचं काम पाच रंगांत भागतं. माझी निम्मी फ्रेंच फौज त्या पावसाची ऋणी आहे.

खेळणा

वॉटर्लूचं तप मला झेपणार नाही हे कळल्यावर मी जवळची लढाई शोधली. ती जालना जिल्ह्यात निघाली. असई. २३ सप्टेंबर १८०३. वॉटर्लूच्या जवळजवळ एक तप आधी. पुढे वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं, असं सांगतात. जगभरचे वॉरगेमर हा लढा नेपोलियनच्या काळातलाच धरून खेळतात. मराठा कवायती फौजेचे शिपाई इंग्लंडमध्ये ओतले जातात.

टेबलाच्या दृष्टीने असई म्हणजे वरदान. रणभूमी दोन नद्यांच्या बेचक्यात. एक जुई, दुसरी इंग्रजी नकाशांत कैटना किंवा कैलना लिहिलेली. आपल्या जिभेवर ती खेळणा. दोन नद्यांनी टेबलाच्या कडा आयत्याच आखून दिलेल्या. शिंद्यांच्या पलटणी अँथनी पोलमन नावाच्या हॅनोव्हेरियन अधिकाऱ्याच्या हाताखाली नदीकडे तोंड करून उभ्या होत्या. वाटाड्यांनी उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीने समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि ताडलं की मध्ये उतार असलाच पाहिजे, गावकरी येत-जात असणारच. उतार निघाला. तो बगलेवर आला तेव्हा पोलमनच्या पलटणींनी अख्खी फळी नव्वद अंशात फिरवून नव्याने त्याच्यासमोर उभी केली. अशी कवायत त्या फौजेकडून वेलस्लीला अपेक्षित नव्हती. मग तोफांनी त्याची दाणादाण उडवली. असई गावाजवळ चौऱ्याहत्तरावी हायलँडर्स पलटण पार खिळखिळी झाली. तरी लढाई वेलस्लीने जिंकली: संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि त्यांचे ४२८ मेले, ११३८ जखमी, १८ बेपत्ता.

पोलमनच्या कवायती पलटणी सुमारे १०,८००. तेहतीसास एक म्हणजे ३२७ शिपाई. वेलस्लीची सुमारे सात हजारांची फौज म्हणजे २१२. एवढं तर माझ्या कपाटातही मावतं. मी कामाला लागलो आणि दोन वर्षांत फौज उभी केली.

मग एका रविवारी मित्र खेळायला आला. भूगोलाचा मास्तर. टेबलाकडे बघत म्हणाला, “अरे, बाकीचे कुठे आहेत?”

बाकीचे म्हणजे मराठा घोडदळ, तीस ते चाळीस हजार. नदीकाठी दूरवर पसरलेलं. त्यातले बहुतेक दिवसभर लढलेच नाहीत, म्हणून मी त्यांना गाळलं होतं. तीस हजार स्वार तेहतीसाने भागले तरी नऊशेहून जास्त घोडे रंगवावे लागतात. नियमांच्या पुस्तकातही त्यांची सोय अशीच: टेबलाच्या कडेला दोन-चार पट्ट्या. मास्तर म्हणाला, “पण टेकडीवरून वेलस्लीला पहिल्यांदा दिसले ते हेच ना? ते नसतील, तर त्याने एवढा काय तीर मारला?” मास्तरचं खरं होतं. मी शिंद्यांच्या शिपायांच्या कोटाच्या बाह्यांचा रंग शोधण्यात महिना घालवला होता आणि त्या दिवशीची भीती कपाटात ठेवली होती. सायबर्नला निदान वरच्या दाबाने भाग पाडलं होतं. मला कुणीच नाही.

त्यावर उपाय सापडला स्वयंपाकघरात. ज्वारीचे शंभर दाणे मोजून वजनकाट्यावर टाकले: तीन ग्रॅमहून थोडे जास्त. म्हणजे एक किलोत साधारण तीस हजार दाणे. माणसामागे एक दाणा, एकास एक प्रमाण. सायबर्नलाही न जमलेलं. आई शेजारून म्हणाली, “निवडायला बसलास का?”

मास्तरने डबा उपडा केला आणि हाताच्या पंजाने दाणे खेळणेच्या काठाने पसरवले. टेबलाच्या एका टोकापासून निम्म्या कापडापर्यंत पांढरट थर आला. मग दुसऱ्या बाजूला वेलस्लीची सगळी फौज त्याच मापाने ठेवली, एक लहान वाटी. चौऱ्याहत्तरावी पलटण म्हणजे मुठीतून उरलेले पाचेकशे दाणे. ते नीट रांगेत लावले तरी नजर त्यांच्यावर ठरेना. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. एरवी माझे शिपाई पाहायला येणारे वाकून बघतात, मिशा बघतात, निशाणं बघतात. त्या दिवशी मास्तर दोन पावलं मागे सरकला.

खेळ रात्री नऊपर्यंत चालला. वेलस्ली हरला. फाशांचा दोष, दुसरं काय. आईने दाणे सुपात भरले, पाखडले, आणि दुसऱ्या दिवशी दळणाला दिले. आता तो बेत पुन्हा मांडायचा तर नवं किलोभर आणावं लागेल, आणि ते दर वेळी आणायचं असंच ठरलंय. पण प्लायवुडला मध्ये एक फट आहे. अजूनही कधी कधी टेबल हलवलं, की तिच्यातून एखादा स्वार निघतो.